बाबांची ओळ

मुलांना संवाद कसा शिकवावा याचं प्रशिक्षण आम्हाला पेणला मिळालं. साडेदहा ते दीड, तीन तास मार्गदर्शक एकटेच बोलले. शेवटी कुणाला काही शंका आहेत का असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. जेवणात गुलाबजाम होते. प्रशिक्षण यशस्वी झालं असा अहवाल त्याच संध्याकाळी वर गेला.

उपक्रम साधा होता. तिसरी-चौथीच्या मुलांनी आपल्या घरातल्या दोन माणसांचं बोलणं स्वतः लिहायचं आणि पाच मिनिटांत सादर करायचं. पहिली फेरी केंद्राची, म्हणजे आसपासच्या चार शाळांची, दुसरी पेणला तालुक्याची, तिसरी रोह्याला जिल्ह्याची. रोह्याचं नाव वाचून मला उगाच उत्साह आला. मी रोह्याला लागून असलेल्या वरशात राहतो. सकाळी एस.टी.ने वडखळ, तिथून मिनीडोर, आणि मिनीडोरवाल्याच्या मनात असेल तिथून पुढे चालत, असा माझा चोवीस वर्षांचा शैक्षणिक प्रवास आहे. मुलं तिसऱ्या फेरीत गेली असती तर मला एक दिवस घरून चालत कामावर जाता आलं असतं. शिक्षणातली माझी महत्त्वाकांक्षा सध्या एवढ्यावर आली आहे.

शाळा खाडीकाठच्या गावात आहे. एकेकाळी तिथे मिठागरं होती आणि बांधाच्या आत भातशेती. आता बांध फुटलाय, शेतात खारं पाणी आहे, आणि गावातले बहुतेक पुरुष ठेकेदाराच्या हाताखाली कंपनीत आहेत. शाळेचा पट एकोणीस. पहिली-दुसरी शिल्पा मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वाट्याला नऊ मुलं येतात, त्यातली सात रोज येतात.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर नमुना लिहून दिला. नाव, दोन टिंबं, पुढे तो माणूस काय बोलला ते. मग म्हटलं, काल घरी जे बोलणं झालं ते असंच लिहा. मुलांनी माना खाली घातल्या आणि लिहिलं. वह्या बघितल्यावर मला वाटलं, माझं शिकवणं नेहमीप्रमाणे वाया गेलंय. हर्षदने लिहिलं होतं : 'आई : (हाताने दाखवते.) मी : (पाणी आणतो.) आई : (डोळे मोठे करते.) मी : (तांब्या हळू ठेवतो.)' खाली त्याने 'समाप्त' असंही लिहिलं होतं. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने असंच. एका पोरीच्या संवादात तर बोललेला शब्द एकच होता, 'शूः'.

मी त्यांना समजावलं की ह्याला संवाद म्हणत नाहीत, संवादात माणसं बोलतात. मुलांनी ऐकून घेतलं. मग मी वाचून दाखवायला सांगितलं, तर जो तो कानात सांगितल्यासारखा वाचू लागला. परिपत्रकात उद्दिष्ट क्रमांक तीन 'मुलांमधील लाजाळूपणा दूर करणे' असं होतं. ते दूर करायला मी सगळ्यांना खाडीच्या बांधावर नेलं आणि ओरडायला लावलं. पोरं अशी ओरडली की पाण्यातले बगळे उठून पलीकडच्या काठाला गेले. मी खूष झालो. परत येताना पहिलं घर लागलं आणि सातही आवाज एकदम बंद झाले, बटण दाबावं तसे. मुलं चपला हातात घेऊन चालायला लागली.

चोवीस वर्षं मी त्या गल्लीतून जातोय. पण मास्तर शाळा सुटल्यावर मिनीडोर पकडायला पळतो, त्याला गाव दिसत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा थांबून बघितलं.

गल्लीत बावीस माणसं शिफ्टला जाणारी. कुणाची फर्स्ट, कुणाची सेकंड, कुणाची नाईट, आणि आठवड्याला पाळी बदलते. म्हणजे चोवीस तासांत कुणी ना कुणी झोपलेलं असतंच. भिंतीला भिंत लागलेली घरं, वर पत्रा. तेव्हा गावाने हळूहळू आपला आवाज काढून टाकला होता. डाळ पातेल्यात शिजायची, कारण कुकर शिट्टी मारतो. कोंबड्या विकून झाल्या होत्या. दारांच्या बिजागऱ्यांना खोबरेल. निवट्या-कोलंबी घेऊन येणारी बाई ओरडत नाही, दारासमोर पाटी टेकवून उभी राहते. कुणाचं लक्ष गेलं तर विक्री. मारुतीच्या देवळातल्या घंटेच्या लोलकाला कुणीतरी फडकं बांधलं होतं. लोक घंटा वाजवत, देव समजून घेई.

पत्र्याखाली झोपलेला माणूस उठला तर तो पुन्हा झोपत नाही, आणि न झोपता कामावर गेला तर काय होऊ शकतं हे गावाला तीन वर्षांपूर्वी एकदा कळलेलं होतं. त्याबद्दल तिथे कुणी बोलत नाही. मीही विचारलं नाही. मुलांना चालता यायच्या आधी गप्प बसता येतं, एवढं मात्र दिसलं.

म्हणजे हर्षदने बरोबरच लिहिलं होतं. मी त्याला दहापैकी तीन दिले होते. ते पाच केले.

प्रतीक्षाची वही मी शेवटी बघितली. चौथीतली मुलगी, वर्गात सगळ्यात सुबक अक्षर. तिने फळ्यावरचा नमुना तंतोतंत पाळला होता. 'मी : बाबा, माझा पहिला नंबर आला. बाबा : ' आणि पुढे कोरं. 'मी : बाबा, आजीला ताप आहे. बाबा : ' कोरं. 'मी : बाबा, मला कविता येते. म्हणू का? बाबा : ' असं पूर्ण पान. मी म्हटलं, अगं, दुसऱ्या माणसाचं लिहायचं राहिलं. ती म्हणाली राहिलं नाही. म्हटलं, मग बाबा काय म्हणतील ते मनाने लिही.

"बाबा कसा बोलतो ता मना नाय म्हाईत, सर."

तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. गणितात हातचा कळला नाही तर पोरं सांगतात तसं तिने ते सांगितलं.

ती दोन वर्षांची असतानाच तिची आई वारली होती. घरात आजी धोंडुबाई आणि बाप प्रविण. प्रविण दोन वर्षं बहुतेक नाईटला, कारण नाईटला माणसं मिळत नाहीत आणि हा नाही म्हणत नाही. सकाळी साडेसातला घरी, मुलगी त्याच वेळी शाळेच्या तयारीत. ती परत येते तेव्हा तो झोपलेला. तो उठतो संध्याकाळी, डबा घेतो, आणि सहाची बस. मधल्या वेळात पाऊण तास मिळतो, पण त्यात आंघोळ, जेवण आणि धोंडुबाईची पेन्शन, रेशन, गुडघा ही प्रकरणं असतात. मुलीचा नंबर यायच्या आत बस येते.

मी तिला घरचा अभ्यास दिला. बाबांचं एक वाक्य घेऊन ये. खरं, त्यांनी बोललेलं. रविवारी सुट्टी असते तेव्हा विचार. तो रविवार कंपनीच्या शटडाऊनच्या कामात गेला, पुढचा बदलीच्या माणसाचं लग्न होतं म्हणून त्याच्या जागी कामात. तेराव्या दिवशी ती आली ती सरळ माझ्या टेबलाशी. एरवी वही पुढे करणारी पोर त्या दिवशी तोंडाने बोलली. वाक्य मिळालं होतं. ती शाळेला निघताना बाप आत शिरला, आडवा झाला आणि म्हणाला, "दार लाव."

मी विचारलं, बरं, मग तू काय म्हणालीस? तिने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. तिने दार लावलं होतं.

त्या दोन शब्दांवर आम्ही नाटुकलं उभं केलं. मी काही लिहिलं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त क्रम लावला. एक बाप झोपलाय. मुलगी एकेक गोष्ट येऊन सांगते, पहिला नंबर, आजीचा ताप, कविता. बाप प्रत्येक वेळी म्हणतो, दार लाव. मुलगी दार लावते, पुन्हा येते. शेवटी ती दार सताड उघडून मोठ्याने हाक मारते, "बाबा, उठा." आणि बाप उठतो. उठून काय म्हणतो ते लिहायचं राहिलं होतं. प्रतीक्षा म्हणाली, नकोच लिहू या. तो उठला की झालं.

बाप झाला वर्गातला प्रणित. त्याला झोपण्याचा अभिनय फार छान जमायचा. घरात रोज बघायला मिळतो. तालमी आम्ही बांधावर घेतल्या. तिथे प्रतीक्षाची हाक अशी लागायची की मला माझ्या नोकरीबद्दल क्षणभर आदर वाटायचा. शिल्पा मॅडमनी ती मोबाईलवर घेतली आणि म्हणाल्या, सर, रोहा नक्की. मी वरशातून रोह्याच्या मैदानापर्यंत किती मिनिटं लागतात ते मनात मोजून ठेवलं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात प्रतीक्षा शाळा सुटल्यावर थांबली. बराच वेळ फळा पुसायचं फडकं घडी करत राहिली. मग म्हणाली, रोह्याला नाही गेलो तरी चालेल, पण बाबाला बोलवा. त्याने तिचा आवाज कधी ऐकलाच नाही म्हणाली. म्हणजे मोठा, खरा आवाज. तो आवाज तिला वाटतो तसा आहे का, हे तिला बाबाला विचारायचं होतं. मी म्हटलं, येतील. अशी आश्वासनं द्यायची आम्हाला सवय असते.

प्रविणला मी बसथांब्यावर गाठलं. पस्तिशीचा असेल, डोळ्यांखाली पन्नाशी. त्याने सगळं ऐकून घेतलं, शाळेने काही सह्या मागितल्यात का ते आधी विचारलं. नाही म्हटल्यावर मोकळा झाला. केंद्राची फेरी आमच्याच शाळेत, मोठ्या वर्गात होती, शनिवारी अकराला. तो म्हणाला नाईट करून थेट येतो, घरी गेलो तर पाठ टेकल, आन् पाठ टेकली का संपला. बस आली. पायरीवर पाय ठेवून तो वळला.

"येतो मी, गुरुजी. बसल्या जागी डोला लागला तर उठवा. लाजू नका."

मी म्हटलं, जरूर उठवतो.

शनिवारी तो साडेदहाला आला, साडेसातपासून घरी न जाता थांब्यावर उभा राहून. कंपनीचे बूट, हेल्मेट हातात, चेहरा धुतलेला. गावातल्या बायकांनी वळून वळून बघितलं. दिवसा उभा असलेला प्रविण बऱ्याच जणींनी बघितला नव्हता. धोंडुबाईने पोराला पुढच्या रांगेतली हात असलेली खुर्ची दिली. मी शेजारी बसलो. प्रतीक्षाने शेजारच्या वर्गाच्या दारातून डोकावून त्याला बघितलं आणि आत गेली. तिच्या चालण्यावरून मला कळलं की आज रोह्याचा प्रश्न नाही.

अकराचा कार्यक्रम पाहुणे आल्यावर सुरू होतो आणि पाहुणे पावणेबाराला आले. मग दीपप्रज्वलन. वाऱ्याने ज्योत तीनदा विझली. मग स्वागत, प्रास्ताविक, संवादाचं जीवनातील महत्त्व या विषयावर दोन भाषणं. प्रविणने पहिलं भाषण डोळे ताणून ऐकलं. दुसऱ्याला त्याने मांडीला चिमटा काढला, मी बघितलं. यजमान शाळा शेवटी, असा शिष्टाचार असल्यामुळे आधी तीन शाळा झाल्या. पहिलीत एका झाडाने माणसाशी संवाद केला, दुसरीत प्लास्टिकच्या पिशवीने कापडी पिशवीशी, तिसरीत मोबाईलने पुस्तकाशी. तिन्ही ठिकाणी मुलांना जे बोलायला लावलं होतं ते त्यांनी खणखणीत म्हटलं. पिशव्यांच्या मधोमध केव्हातरी प्रविणची मान छातीवर आली.

आता उठवतो, असं मी ठरवलं. आमच्या शाळेचं नाव पुकारलं की उठवतो. त्याला तेवढीच दहा मिनिटं मिळतील.

नाव पुकारलं. मी हात उचलला आणि त्याच्या खांद्याच्या वर, चार बोटांवर थांबवला. तोंड किंचित उघडं होतं. श्वास लागला होता, तो खोल, सारखा. माणूस असा झोपलेला मी फार दिवसांत बघितला नव्हता. मागून धोंडुबाईचा हात आला आणि माझं मनगट धरलं गेलं. तिने मान हलवली. मला आठवतंय, मला त्या वेळी बरं वाटलं.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. धोंडुबाईने माईकवाल्या रघूकडे बघून हात खाली-खाली केला. रघूचा भाऊ सेकंडला असतो. त्याने आवाजाची कळ शांतपणे डावीकडे फिरवली. बायकांनी पोरांना मांडीवर ओढलं. मागच्या रांगेतल्या एकीने पदराने प्रविणवरच्या माश्या वारायला सुरुवात केली. प्रणित येऊन सतरंजीवर बाप होऊन झोपला, आणि त्याच्यापासून सहा हातांवर खरा बाप झोपलेला. प्रतीक्षा आली. तिने खुर्चीकडे बघितलं.

मी तिला खूण करू शकलो असतो. बोल म्हणून.

तिने पहिला नंबर आल्याचं सांगितलं, ते पहिल्या रांगेपर्यंत आलं. प्रणितने कूस बदलत "दार लाव" म्हटलं, ते मला ओठांवरून कळलं. आमच्या दुसरीतला एक पोरगा खरोखरचं दार अडवून बसला होता. त्याने सवयीने उठून ते हळूच लावून घेतलं. वर्गात अर्धा अंधार झाला. कुणी उघडलं नाही. आजीचा ताप आणि कविता अंधारात, दोन माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात झाल्या. कविता ती पूर्ण म्हणत होती, हात पाठीमागे बांधून, बापाच्या खुर्चीकडे तोंड करून.

परीक्षक म्हणाले, "बाळ, मोठ्याने बोल. आम्हाला ऐकू येत नाहीय."

साठ-सत्तर माणसं एकदम त्यांच्याकडे वळली आणि सगळ्यांची बोटं ओठांवर होती. पाहुण्यांचंही, का ते त्यांना माहीत नसताना.

शेवट आला. प्रतीक्षाने नसलेलं दार सताड उघडलं. बांधावर ती इथे छाती भरून घ्यायची. आजही घेतली. श्वास पूर्ण आत गेला, मान ताठ झाली, तोंड उघडलं. मी खुर्चीच्या कडा धरल्या. "बाबा, उठा" हे दोन्ही शब्द तिने बरोबर जागच्या जागी उच्चारले. आवाज तेवढा दिला नाही. एक प्रणित उठला, कारण त्याला ते पाठ होतं.

टाळ्या झाल्या त्याही गावाच्या पद्धतीने, तळव्याला बोटं टेकवून. बायकांचे डोळे भरले होते. परीक्षकांचे नव्हते. त्यांनी आवाज व उच्चार या रकान्यात वीसपैकी दोन दिले आणि शेरा लिहिला : 'विषय चांगला. मुलांमधील लाजाळूपणा दूर करणे आवश्यक.' मोबाईल आणि पुस्तक पेणला गेले.

खुर्च्या उचलायला लागल्यावर प्रविण जागा झाला. आधी हेल्मेट चाचपलं, मग समोर बघितलं. सतरंजी गुंडाळली जात होती.

"आमची पोर कवा हाय?"

प्रतीक्षा पुढे आली आणि झालं, म्हणाली. चांगलं झालं का, असं त्याने विचारलं. तिने मान डोलावली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मना उठवला का नाय?"

मी म्हटलं, तुम्ही दमला होता. हे माझं वाक्य. चोवीस वर्षं मराठी शिकवून ऐन वेळी मला हे सुचलं. त्याने हेल्मेट काखेत घेतलं. सहाची बस होती, तोवर चार तास पाठ टेकता येणार होती. तो निघाला. प्रतीक्षा त्याच्या पुढे पळत गेली, घराचं दार आधीच उघडून धरायला; खोबरेल घातलेलं असलं तरी ते शेवटी जरासं वाजतं.

सोमवारी मी वर्गात सांगितलं की उपक्रम संपला, पण परवा जे बोलणं झालं ते आठवून लिहा. कशाला सांगितलं कोण जाणे. अहवालाला नमुना वह्या जोडायच्या होत्या, हे एक कारण.

प्रतीक्षाने अर्ध्या मिनिटात वही आणून ठेवली. दोनच ओळी होत्या, सुबक. वरची अशी : 'बाबा : मना उठवला का नाय?' तेरा दिवस वाट बघून तिला बापाचं एक वाक्य मिळालं होतं. हे दुसरं.

खाली लिहिलं होतं, 'मी : ' आणि पुढे कोरं.

मी तिला म्हटलं नाही की दुसऱ्या माणसाचं राहिलं. शेरा लिहायला पेन उघडलं, आणि ते 'मी' कुणाचं आहे ते बघत बसलो. मधल्या सुट्टीची वेळ झाली. आमच्या शाळेत घंटा वाजवत नाहीत. शिल्पा मॅडम दारात येऊन हात वर करतात. मुलं चपला हातात घेऊन, एकामागे एक, काही न बोलता बाहेर गेली.